सिंगापूरहून निघालेली दोन कॉमेट विमाने

सिंगापुरात 'ओल्ड एअरपोर्ट रोड' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना तेथले खाद्यपदार्थांचे हॉकर सेंटर आठवते. नावातला तो 'जुना विमानतळ' कोठे होता, हे मात्र आजच्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. तो कलांगचा विमानतळ. १९३७ साली तो सुरू झाला आणि १९५५ साली पाया लेबारचा विमानतळ होईपर्यंत सिंगापूरची नागरी विमाने तेथेच ये-जा करीत. धावपट्टी लांबवली तेव्हा ती माउंटबॅटन रस्त्याला आडवी गेली. विमान यायचे झाले की, रेल्वेच्या फाटकापाशी अडवतात तशी रस्त्यावरची रहदारी अडवून धरीत. शेजारच्या वस्तीला 'डाकोटा' हे नाव मिळाले तेही विमानावरूनच. काचेचा मनोरा असलेली टर्मिनलची इमारत अजून उभी आहे.

डाकोटाची आठवण अशी नावातून राहिली. पण त्याच काळात ज्या विमानाचा सर्वांत अधिक बोलबाला झाला, त्या कॉमेटची गोष्ट आपल्या बेटावर फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक या गोष्टीचा सिंगापूरशी निकटचा संबंध आहे. हवेतच मोडून पडलेल्या तीन कॉमेट विमानांपैकी दोन सिंगापूरहून लंडनला निघालेली होती. एक बंगालमध्ये कोसळले, तर दुसरे इटलीजवळच्या समुद्रात.

कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीने ते बांधले व २७ जुलै १९४९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. २ मे १९५२ रोजी बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीने लंडन ते जोहान्सबर्ग अशी तिकीटधारी प्रवाशांची पहिली जेट सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉमेट सिंगापूरला येऊ लागले. छत्तीस प्रवासी, पंखांच्या मुळाशी दडवलेली चार इंजिने, आणि बाहेर एकही फिरणारा पंखा नाही! पंख्यांची विमाने खालच्या वादळी हवेतून खडखडत जात. कॉमेट पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, ढगांच्या वर, ताशी साडेचारशे मैलांहून अधिक वेगाने जाई. लंडनचा प्रवास जवळजवळ निम्म्या वेळात होऊ लागला. महायुद्धात गांजलेल्या ब्रिटनला हे विमान म्हणजे केवढा अभिमानाचा विषय वाटला असेल! अमेरिकेजवळ तेव्हा असे विमान नव्हते.

पण इतक्या उंचीवर जायचे तर एक अडचण असते. तेथे हवा इतकी विरळ की माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल. म्हणून विमानाच्या आत पंपाने हवा भरून दाब वाढवावा लागतो. कॉमेटमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड अधिक असे. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. शाळेच्या वहीचे एक पान घ्या, आठ इंच रुंद आणि दहा इंच लांब. तेवढ्या जागेवर आतून बाहेर ६६० पौंडांचा रेटा बसतो! विमानाच्या सबंध अंगावर किती रेटा येत असेल याची कल्पना करा. आणि हा रेटा कायमचा नसतो. विमान चढले की अंग फुगते, उतरले की पूर्ववत होते. एक उड्डाण म्हणजे एक श्वास घेणे आणि सोडणे. वजन कमी राहावे म्हणून कॉमेटचा वरचा पत्रा काही ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ होता.

पहिला आघात कलकत्त्याजवळ झाला. २ मे १९५३ हा दिवस, म्हणजे जेट सेवेचा बरोबर पहिला वाढदिवस. सिंगापूरहून आलेल्या विमानाने दुपारी साडेचारच्या सुमारास डमडमहून दिल्लीच्या दिशेने उड्डाण केले. त्याच्या नोंदणी-अक्षरांवरून त्याला 'योक व्हिक्टर' म्हणत. दिवस वैशाखाचे. आपल्याकडे जसा वळवाचा पाऊस विजा-गारा घेऊन अचानक येतो, तसे बंगालमध्ये त्या दिवसांत कालबैशाखीचे वादळ उठते. सहा-सात मिनिटांतच विमान त्या वादळात सापडले, हवेत मोडले आणि हुगळी जिल्ह्यातल्या शेतांत त्याचे तुकडे जळत पडले. विमानातली ४३ माणसे गेली.

भारत सरकारने चौकशी न्यायालय नेमले. त्याचा निर्णय असा की विमानाचा सांगाडा हवेतच मोडला. त्याचे कारण एक तर वादळातले जबरदस्त झोत असावेत, नाही तर त्या झोतांत विमान सावरताना वैमानिकाच्या हातून ताण वाढला असावा किंवा त्याचा ताबा सुटला असावा. पण न्यायालय तेथेच थांबले नाही. अवशेषांची बारकाईने तांत्रिक तपासणी व्हावी आणि कॉमेटच्या बांधणीत काही बदल करणे जरूर आहे की काय याचा विचार व्हावा, असेही त्याने सुचवले. इंग्लंडमध्ये काही अवशेष तपासले गेले. पुढे वादळी हवेत वेगावर अधिक कडक मर्यादा घालण्यात आली. परंतु 'वादळाने पाडले' हे उत्तर हाती आल्यावर मूळ सांगाड्याकडे पाहण्याची निकड कोणाला वाटली नाही. कलकत्त्याच्या विमानाचा पत्रा थकून फाटला होता असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा तसा आरोप करणे योग्य होणार नाही. मात्र भारतीय न्यायालयाने विचारलेला प्रश्न योग्य होता, एवढे नक्की.

आता दुसरे विमान, 'योक पीटर'. जानेवारी १९५४ मध्ये ते सिंगापूरहून निघाले आणि बँकॉक, रंगून, कलकत्ता, कराची, बहारीन, बैरूत असे थांबे घेत रोमला पोहोचले. १० तारखेला, रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, रोमहून लंडनचा शेवटचा टप्पा सुरू झाला. २९ प्रवासी आणि ६ कर्मचारी. 'स्ट्रगल फॉर युरोप' हा युद्धेतिहास लिहिणारे ऑस्ट्रेलियन वार्ताहर चेस्टर विल्मट त्यांत होते. आणि दहा मुले होती. नाताळची सुट्टी आईवडिलांजवळ घालवून ती इंग्लंडला शाळेत परत चालली होती. त्या काळी पूर्वेकडे नोकरीला असलेले इंग्रज आपली मुले मायदेशी वसतिगृहात ठेवीत. जानेवारीत शाळा उघडायची म्हणून त्या आठवड्यातल्या विमानात मुलांची गर्दी. आम्हा शिक्षकांना सत्राचा पहिला दिवस म्हणजे हजेरीपट काढून नावे वाचण्याचा. इंग्लंडमधल्या वर्गांत त्या आठवड्यात ती नावे कोणी कशी वाचली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

विमान निघून वीस मिनिटे झाली होती. उंची सव्वीस-सत्तावीस हजार फूट. त्याच कंपनीचे पंख्यांचे एक विमान आधी पुढे गेले होते. योक पीटरचे कप्तान ॲलन गिब्सन त्या विमानाशी रेडिओवर बोलत होते. एक वाक्य सुरू झाले आणि मध्येच तुटले. खाली एल्बा बेटाजवळ मासेमारी करणाऱ्यांनी ढगांच्या वर स्फोटाचे आवाज ऐकले आणि पेटलेले तुकडे समुद्रात पडताना पाहिले. कोळ्यांनी होड्या तिकडे वळवल्या, पण जिवंत कोणीच नव्हते. पंधरा मृतदेह मिळाले.

दुसऱ्याच दिवशी बी.ओ.ए.सी.ने कॉमेटची प्रवासी उड्डाणे थांबवली. पुढे जे घडले ते मला या सर्व प्रकरणातले सर्वांत चटका लावणारे वाटते. अपघाताचे कारण कोणालाच कळले नव्हते. तज्ज्ञांचा मुख्य संशय आगीवर होता. इंजिने आणि इंधनाच्या टाक्या यांच्यामध्ये संरक्षक पत्रे बसवले गेले, नळ्या बदलल्या गेल्या. असे पन्नासाहून अधिक फेरफार झाले. कारण निश्चित झालेले नाही, पण कल्पनेला सुचतील तेवढ्या सर्व शक्यतांवर उपाय केले आहेत, अशा अर्थाचा अभिप्राय जबाबदार मंडळींनी दिला. २३ मार्च १९५४ रोजी कॉमेट पुन्हा उडू लागले.

याच मधल्या काळात सिंगापूरलाही एक मोठा अपघात पाहावा लागला. १३ मार्चला कलांगवर उतरताना बी.ओ.ए.सी.चेच एक कॉन्स्टेलेशन विमान धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्रभिंतीवर आदळून पेटले व ३३ जण मृत्युमुखी पडले. ते पंख्यांचे विमान होते आणि त्याचे कारण अगदी वेगळे. पण जुने विमान घेतले म्हणजे सुरक्षित, असेही तेव्हा कोणाला म्हणता आले नसते.

कॉमेट पुन्हा सुरू झाल्याला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. ८ एप्रिल रोजी रोमहून कैरोला निघालेले 'योक योक' हे विमान नेपल्सजवळच्या समुद्रावर तसेच नाहीसे झाले. ते दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीच्या सेवेवर होते. त्यात २१ माणसे होती. केलेल्या पन्नास-साठ बदलांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही, कारण खरे दुखणे भलतीकडेच होते. १२ एप्रिलला कॉमेटचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रच काढून घेण्यात आले.

नेपल्सजवळचा समुद्र फार खोल, तेथून काही काढणे अशक्य. एल्बाजवळ मात्र खोली सुमारे चारशे ते सहाशे फूट होती. ब्रिटिश आरमाराने तेथे महिनोन् महिने शोध घेतला. पाण्याखाली चालणारा दूरचित्रवाणी कॅमेरा सोडून तळ धुंडाळला आणि एकेक तुकडा वर काढला. फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत लाकडी सांगाड्यावर हे तुकडे जागच्या जागी जोडले गेले. संस्थेचे प्रमुख होते आर्नल्ड हॉल. इकडे पिसा येथील वैद्यकीय तज्ज्ञांनी मृतदेहांची तपासणी केली होती. फुप्फुसे आतून फाटलेली होती. आतला हवेचा दाब एका क्षणात नाहीसा झाल्याची ती खूण होती.

हॉल यांनी मग असा प्रयोग मांडला की तो ऐकून कोणाही विज्ञानशिक्षकाला आनंद व्हावा. 'योक अंकल' नावाचे एक वापरलेले कॉमेट त्यांनी भल्यामोठ्या पाण्याच्या टाकीत बसवले. फक्त पंख बाहेर राहिले. विमानाच्या आतही पाणी भरले आणि पंपाने ते दाबून दाब चढवायचा, मग उतरवायचा, पुन्हा चढवायचा, असे रात्रंदिवस चालवले. पंखही यंत्राने वरखाली हलवले जात होते. हवेऐवजी पाणी का, असे आपण विचाराल. दाबलेली हवा सुटली म्हणजे ती बाँबसारखी फुटते आणि पुराव्याच्या चिंधड्या होतात. पाणी दाबले जात नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे पत्रा फाटला तर पाणी नुसते गळते आणि तडा होता तसा पाहायला मिळतो. या विमानाने आधी १,२३१ दाबयुक्त उड्डाणे केली होती. टाकीत आणखी १,८२६ 'उड्डाणे' झाली आणि जून महिन्याच्या अखेरीस त्याची कूस फाटली. तडा निघाला होता तो संकटकाळी बाहेर पडण्याच्या एका झडपेच्या कोपऱ्यातून.

हा जो प्रकार, त्याला 'धातूचा थकवा' म्हणतात. मुलांना समजावताना मी तारेचा तुकडा देते आणि एकाच जागी पुढेमागे वाकवायला सांगते. पहिल्या वाकवण्याला तारेला काही होत नाही, पाचव्यालाही नाही. पण पुढे केव्हा तरी, तेवढ्याच जोराने, ती टचकन तुटते. जोर वाढलेला नसतो, वेळा वाढलेल्या असतात. दुसरी गोष्ट कोपऱ्याची. सदऱ्याच्या बाजूला चीर ठेवतात तिच्या टोकाशी शिंपी जादा टाके घालतो, कारण कापड फाटते ते तेथूनच. सपाट पत्र्याला भोक पाडले की त्या भोकाला वळसा घालून जाणारा ताण कडेला गोळा होतो, आणि कोपरा जितका अरुंद तितका तो अधिक. टाकीतल्या मोजणीत असे दिसले की कॉमेटच्या कोपऱ्यांवरचा ताण बांधणाऱ्यांच्या हिशेबापेक्षा पुष्कळच जास्त होता. रिबिटांच्या आणि बोल्टांच्या भोकांपाशी तर आणखीच.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी लिहायला हवे. 'कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ती पडली' असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. खिडक्या चौकोनी होत्या हे खरे, पण त्यांचे कोपरे गोलावलेले होते. आणि योक पीटरचा तडा प्रवाशांच्या खिडकीपासून निघालेला नव्हता. छपरावर रेडिओच्या दिशादर्शक यंत्राच्या एरियलसाठी दोन लहान झरोके ठेवले होते. मागल्या झरोक्याच्या कोपऱ्याशी तो तडा सुरू झाला. छप्पर फाटले, केबिन उकलली, आणि बाकीचे विमान काही सेकंदांत विस्कटले. डाव्या पंखावर केबिनच्या रंगाचे ओरखडे सापडले. पंख जागेवर असतानाच केबिनचे तुकडे त्यावर आपटून गेले होते, हे त्यावरून समजले.

मग प्रश्न असा की कंपनीने आधी तपासणी केली नव्हती काय? केली होती, आणि त्या काळच्या नियमांपेक्षाही कडक. हीच या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी बाब आहे. केबिनचा एक नमुना घेऊन त्यावर त्यांनी १८,००० वेळा दाब चढवला-उतरवला होता, मग कोठे तो फाटला. योक पीटरची दाबयुक्त उड्डाणे झाली होती अवघी १,२९० आणि योक योकची सुमारे ९००. एवढा फरक कसा? उत्तर असे की तोच नमुना आधी ताकदीच्या परीक्षेसाठी वापरला होता, आणि तेव्हा त्यावर नेहमीच्या दुपटीपर्यंत दाब दिला होता. त्या जबर दाबाने कोपऱ्यांवरचा धातू किंचित ताणून बसला आणि पुढच्या लहान दाबांना तोंड द्यायला उलट अधिक तयार झाला. प्रवाशांना नेणाऱ्या विमानांना असा दाब कधी मिळालाच नव्हता. परीक्षेला बसला एक विद्यार्थी आणि त्याच्या गुणांवर उत्तीर्ण केला सबंध वर्ग, असे झाले!

यात लबाडी कोणाची नव्हती. चौकशी-न्यायाधीश लॉर्ड कोहेन यांनीही कंपनीवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही आणि १९५५ च्या फेब्रुवारीत निघालेला त्यांचा अहवाल वाचला तर ते पटते. धातूच्या थकव्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. नेव्हिल श्यूट या विमान-अभियंता कादंबरीकाराने १९४८ साली 'नो हायवे' ही कादंबरी लिहिली होती आणि तिचा विषयच विमानाच्या शेपटीतला धातूचा थकवा हा होता. पण कादंबरी वाचून कोणी विमाने थांबवीत नाही. माझे म्हणणे मात्र मार्चमधल्या त्या निर्णयाविषयी आहे. पहिले विमान बनवताना जे अज्ञान होते ते क्षम्य म्हणता येईल. परंतु जानेवारीनंतर कारण हाती नाही, हे सर्वांना ठाऊक होते. कारण सापडले नाही एवढ्यावरून धोका टळला असे होत नाही. कलकत्त्याच्या वेळी निदान वादळ तरी डोळ्यांसमोर होते. एल्बाच्या वेळी वादळाकडे बोट दाखवण्याचीही सोय नव्हती. तरीही अडीच महिन्यांत तिकिटे विकली गेली, आणि योक योकमधली २१ माणसे त्या घाईची किंमत ठरली. देशाची प्रतिष्ठा, कंपनीचे नुकसान, अमेरिकेच्या स्पर्धेची धास्ती, हे सर्व मी समजू शकते. तरीही हा निर्णय समर्थनीय वाटत नाही.

अहवाल सर्वांना खुला असल्याने जगातल्या सगळ्या विमान कारखान्यांनी त्यावरून धडे घेतले. नव्या विमानाचा सबंध सांगाडा हजारो 'उड्डाणे' होईपर्यंत दाबून पाहायचा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. तडा गेलाच तर तो लांबवर पसरू नये अशी बांधणी होऊ लागली. तरी थकवा संपला असे नाही. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचे छप्पर उडून गेले. ८९,००० हून अधिक उड्डाणे झालेले ते विमान वैमानिकांनी तशाही स्थितीत उतरवले. एका हवाई सेविकेचा मात्र बळी गेला.

कॉमेट पुढे सुधारून, जाड पत्र्याचे आणि गोलसर खिडक्यांचे 'कॉमेट ४' म्हणून परत आले. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी त्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली जेट सेवा सुरू केली. पण तोवर अमेरिकेचे बोइंग ७०७ दारात येऊन उभे होते, आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. एअर इंडियानेही १९६० साली आपले पहिले जेट घेतले ते बोइंगच. आपल्या सिंगापूरशी मात्र कॉमेटचा संबंध तुटला नाही. साठच्या दशकात मलेशियन एअरवेजने आणि तिच्यातून झालेल्या मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्सने कॉमेट ४ विमाने चालवली. पाया लेबारहून हाँगकाँगला त्या विमानांनी गेलेली मंडळी आपल्या वडीलधाऱ्यांत असतील.

योक पीटरच्या छपराचा एक तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवला आहे. त्यात ते दोन झरोके दिसतात, आणि पत्रा कोठून फाटत गेला तेही. लंडनला जाणाऱ्यांनी मुलांना तो अवश्य दाखवावा.